जांभळट झाक: लिथियम डायसिलिकेट कॅप, भट्टी आणि एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावच्या डेंटल लॅबमधलं आहे. लॅब, डॉक्टर आणि पेशंट यांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घटनाक्रम आणि घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच आहेत. भट्टी तपासण्यासाठी लॅबने मला बोलावलं तेव्हा अर्धं प्रकरण घडून गेलं होतं. त्याआधीचं जे लिहिलंय ते लॅबच्या जॉबकार्डांवरून आणि संबंधितांशी झालेल्या बोलण्यावरून.

लॅब छोटी पण कामाला चोख. सीनियर टेक्निशियनना सगळे ‘दादा’ म्हणतात. त्यांची निम्मी हयात मेटल-सिरॅमिकच्या, म्हणजे धातूवर पोर्सेलिन चढवलेल्या कॅपच्या कामात गेली. अलीकडे त्यांनी ब्लॉक कोरून कॅप घडवणारं मिलिंग मशीन घेतलं आणि लिथियम डायसिलिकेट या काच-सिरॅमिकच्या कॅप सुरू केल्या. भट्टी मात्र जुनीच, एकच, सगळ्या कामांना मिळून.

वळवाच्या पावसात एका संध्याकाळी वीज गेली. परत आली तेव्हा व्होल्टेज एकदम वाढलं आणि भट्टीच्या मफलची (आतल्या तापणाऱ्या पोकळीची) कॉइल जळाली. कंपनीचा इंजिनियर यायला वेळ लागणार होता, काम अडलं होतं. गावातल्या एका दुरुस्ती करणाऱ्याने नवीन कॉइल बसवून दिली. भट्टी तापली, आकडे दिसू लागले, पोर्सेलिनची कामं सुरू झाली. दुरुस्तीनंतर तापमान पडताळून पाहायला हवं हे कोणी सुचवलं नाही, कारण भट्टी ‘चालत’ होती.

अडचण

काही आठवड्यांनी शहरातल्या एका प्रोस्थोडॉन्टिस्ट (कॅप-कवळ्यांच्या तज्ज्ञ) मॅडमनी वरच्या उपदाढेची कॅप ट्रायलला लावून पाहिली. रूट कॅनॉल झालेला दात, पेशंट शाळेतल्या बाई, हसताना हाच दात दिसतो. दातांच्या रंगांच्या ठरलेल्या नमुन्यांपैकी ए-२ ही शेड मागवली होती. कॅपचं फिटिंग छान होतं. मार्जिनवर, म्हणजे दाताला टेकणाऱ्या कडेवर, एक्स्प्लोररचं (तपासायच्या सळईचं) टोक कुठे अडत नव्हतं. ग्लेझची चकाकीही होती. पण खिडकीजवळ शेड टॅब (रंगाचा नमुना) शेजारी धरला तर कॅप करडी दिसत होती, आणि उजेड आरपार घेतला की तिच्या पोटात फिकट जांभळट झाक दिसे.

त्यांनी लॅबला फोन लावला.

“दादा, ही कॅप करडी आलीय. उजेडात धरली तर जांभळट दिसते.”

“पाठवून द्या मॅडम, वरून स्टेनचा रंग मारून देतो. अर्ध्या तासाचं काम.”

“स्टेन नका मारू. आधी ही अशी का झाली ते बघा. मी कॅप बसवत नाहीये.”

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो दोन वाक्यांत झाला. मॅडमनी रंगाची तक्रार रंगाची म्हणून सोडली नाही. तसं का करायला हवं, हे कळण्यासाठी या पदार्थाचं भट्टीत काय होतं ते आधी पाहू.

भट्टीत काय घडतं

मेटल-सिरॅमिकच्या कामात भट्टी पोर्सेलिनची पावडर एकजीव करते आणि दादांसारख्या माणसाला ती भाजली गेली की नाही हे डोळ्यांनी कळतं. लिथियम डायसिलिकेटची तऱ्हा वेगळी. मिलिंगसाठी येणारा ब्लॉक मुद्दाम अर्धवट अवस्थेत असतो. त्यात काचेच्या बरोबरीने साधारण ४० टक्के लिथियम मेटासिलिकेटचे स्फटिक असतात, एक मायक्रॉनपेक्षाही लहान. या अवस्थेत ब्लॉक निळा-जांभळा असतो आणि त्याची वाकवण्याची ताकद (वाकवताना तुटेपर्यंत सोसलेला ताण) साधारण १३० मेगापास्कल असते. बर (कोरणारं हत्यार) झिजवून न टाकता मिलिंग करता यावं म्हणूनच तो एवढा मऊ ठेवलेला असतो.

खरा पदार्थ त्यानंतर भट्टीत तयार होतो. तापमान वाढत गेलं की मेटासिलिकेट विरघळू लागतो, भोवतालच्या काचेतल्या सिलिकाशी त्याचा संयोग होतो आणि लिथियम डायसिलिकेटचे लांबट स्फटिक वाढतात. सर्वाधिक वापरात असलेल्या ब्लॉकच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये आधी ८२० अंश सेल्सिअसपर्यंत आणि मग सावकाश ८४० अंशांपर्यंत नेतात आणि तिथे सात मिनिटं थांबतात. हे सगळं व्हॅक्यूममध्ये. त्यानंतर ७०० अंशांपर्यंत भट्टी बंद ठेवून हळूहळू थंड करतात. अखेरीस सुमारे ७० टक्के आकारमान स्फटिकांनी भरतं. ते सुगरणीच्या घरट्यातल्या काड्यांसारखे एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून आलेल्या तड्याला सरळ वाट मिळत नाही आणि तो वळत वळत जिरतो. ताकद ३६० मेगापास्कल किंवा त्याहून वर जाते. रंगही याच वेळी पालटतो, कारण काचेत रंगासाठी घातलेल्या धातूंच्या आयनांची अवस्था बदलते. निळा ब्लॉक दाताच्या रंगाचा होतो.

म्हणजे रंग आणि ताकद एकाच तापण्यातून येतात. कॅपच्या पोटात जांभळट झाक उरली असेल तर रूपांतर पुरं झालं नसल्याची दाट शंका घ्यायलाच हवी. वरून स्टेन लावला की नेमकी हीच खूण झाकली जाते.

तापमान जास्त झालं तरी नुकसान होतं. काच पातळ होऊ लागते, मार्जिनच्या धारा गोलावतात, आधार नीट नसेल तर कॅप किंचित बसते. इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. १९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी लिथियम सिलिकेट काचेचा तुकडा ६०० अंशांवर तापवत होते. भट्टी बिघडून ९०० अंशांवर गेली. वितळलेली काच मिळेल असं त्यांना वाटलं होतं, पण तुकडा पांढरा झालेला निघाला, चिमट्यातून निसटून पडला आणि फुटला नाही. काच-सिरॅमिक हा पदार्थवर्गच त्या बिघाडातून हाती आला. तापमानात चूक झाली की या काचेचा पदार्थच बदलतो, हे पहिल्या दिवसापासून दिसलेलं सत्य आहे.

कोणते मार्ग समोर होते

कॅप लॅबमध्ये परत आली तेव्हा दादा, लॅबचे मालक आणि फोनवर मॅडम यांच्यात बराच खल झाला.

स्टेनचा मार्ग मॅडमनी आधीच बंद केला होता. मालकांनी सुचवलं की हीच कॅप पुन्हा भट्टीत घालावी. तत्त्वतः यात तथ्य आहे. राहिलेला मेटासिलिकेट योग्य तापमान मिळालं तर पुढे बदलू शकतो. पण ज्या भट्टीवर संशय आहे तिच्यातच पुन्हा घालून काय साधणार? शिवाय कॅपवर ग्लेझ आणि स्टेन आधीच भाजलेले होते. दुसऱ्या फेरीत रंग कुठे जाईल याचा भरवसा नव्हता, आणि चांगली दिसली तरी आतली रचना नीट झाली हे कशावरून?

तिसरा पर्याय झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकचा. मालकांचा कल तिकडे होता, कारण ते काम सिंटरिंगच्या वेगळ्या भट्टीत दुसऱ्या लॅबमधून करून घेता आलं असतं. मॅडमना ते पटलं नाही. शेजारच्या दातांची कडा पारदर्शक होती, तशी झिर्कोनियात साधणं कठीण, आणि या दाताची उंची कमी असल्याने त्यांना रेझिन सिमेंटचं पक्कं बाँडिंग हवं होतं. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिडने २० सेकंद एच करून (पृष्ठ खरखरीत करून) सायलेन हा सिमेंटशी जोडणारा रासायनिक दुवा लावता येतो. झिर्कोनियात काच नसल्याने ते एचिंग होत नाही.

शेवटी ठरलं की पेशंटसाठी नवीन ब्लॉक मिल करायचा आणि तापमान तपासलेल्या दुसऱ्या लॅबच्या भट्टीत भाजायचा. परत आलेली कॅप पेशंटच्या तोंडात जाणार नाही, ती तपासणीसाठी ठेवायची. मालकांनी खर्च सोसला आणि खळखळ केली नाही, हे नोंदवायला हवं.

तपासणी

इथे मी आलो. भट्टीच्या डिस्प्लेवर दिसतं ते थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारेच्या) टोकाचं तापमान, कॅपचं नव्हे. म्हणून आधी तेच टोक पाहिलं. कॉइल बदलताना थर्मोकपल काढून परत बसवला होता आणि त्याचं टोक मध्यावर न राहता एका बाजूला, कॉइलच्या जवळ सरकलं होतं. म्हणजे टोक तापत होतं लवकर, आणि भट्टीला वाटत होतं की आतलं सगळंच तेवढं तापलंय.

मग चांदीची चाचणी केली. शुद्ध चांदी ९६१.८ अंशांना वितळते, हा निसर्गाने दिलेला आकडा आहे. वेगळ्या ट्रेवर चांदीच्या तारेचा बारीक तुकडा ठेवून भट्टी टप्प्याटप्प्याने वर नेली आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबून पाहिलं. (ट्रे वेगळाच हवा, कारण चांदीची वाफ सिरॅमिकला पिवळट-हिरवट डाग पाडते. चाचणीनंतर भट्टी रिकामी तापवून मगच कामाला घ्यावी.) डिस्प्लेवर ९६५ आले, ९७५ आले, तार तशीच. ९८५ च्या आसपास तिचा गोळा झाला. फरक वीस अंशांहून थोडा अधिक. ८४० वर तो नेमका तेवढाच असेल असं नाही, पण दिशा स्पष्ट होती. डिस्प्ले ८४० दाखवत असताना कॅप त्याहून बरीच थंड होती.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण दादांनी मध्येच एक गोष्ट सांगितली आणि चित्र पालटलं. लिथियम डायसिलिकेटच्या कॅप ते मेटल-सिरॅमिकच्या जाळीदार ट्रेवर, इतर कामांसोबत ठेवून, वेळ वाचवणाऱ्या स्पीड प्रोग्रॅमवर भाजत होते. स्पीड प्रोग्रॅममध्ये वरच्या तापमानावरचा थांबा सातऐवजी तीन मिनिटांचा असतो. ट्रेवर भरगच्च सामान असलं तर मधली कॅप तापायलाच उशीर होतो. शिवाय या ब्लॉकसोबत मिळणारा सिलिकॉन नायट्राइडचा ट्रे उगाच दिलेला नसतो. तो उष्णता साठवून ठेवतो आणि कॅप ताण न येता सावकाश थंड होते.

दोष एकाच जागी नव्हता, म्हणून कोणत्या कारणाचा वाटा किती हे पाहायचं ठरवलं. एकाच लॉटच्या निळ्या ब्लॉकमधून सारख्या जाडीच्या तीन चकत्या कापल्या. पहिली दादांच्या नेहमीच्या पद्धतीने, याच भट्टीत. दुसरी याच भट्टीत, पण योग्य ट्रेवर एकटी आणि पूर्ण प्रोग्रॅमवर. तिसरी दुसऱ्या लॅबच्या तपासलेल्या भट्टीत. तिन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्या तेव्हा दादा काही वेळ बोललेच नाहीत. पहिलीत जांभळट झाक उघड दिसत होती. दुसरी जवळजवळ बरोबर, पण तिसरीशी ताडून पाहिली तर जराशी मळकट. थर्मोकपल सरकलेला असूनही पूर्ण थांब्याने बरीच भरपाई केली होती. घाईचा प्रोग्रॅम आणि गर्दीचा ट्रे नसता तर भट्टीचा दोष कदाचित आणखी कित्येक महिने लपून राहिला असता.

पहिल्या आणि तिसऱ्या चकतीची पूड एका ओळखीच्या प्रयोगशाळेत एक्स-रे विवर्तनासाठी दिली. आलेखातल्या शिखरांच्या जागांवरून कोणते स्फटिक आहेत ते यात कळतं. तिसरीत डायसिलिकेटची २४-२५ अंशांजवळची शिखरं ठळक होती. पहिलीत तीही होती, पण मेटासिलिकेटची १९ आणि २७ अंशांजवळची शिखरंही ताठ उभी होती. थोडाफार मेटासिलिकेट नीट भाजलेल्या कॅपमध्येही उरू शकतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं. इथे तो ‘थोडाफार’ नव्हता.

तुटलेली दाढ

जॉबकार्डं चाळताना त्याच काळातली दुसरी एक तक्रार सापडली. वेगळ्या डॉक्टरांकडची, खालच्या दाढेची कॅप काही आठवड्यांतच मधोमध तुटली होती. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘पेशंटने सुपारी खाल्ली’. लॅबने नवीन कॅप देऊन विषय मिटवला होता. खाली दादांच्याच हस्ताक्षरात कामाची नोंद होती: ‘स्टेन जादा’.

डॉक्टरांनी सुदैवाने मोठा तुकडा पाकिटात जपून ठेवला होता. तो मागवून भिंगाखाली पाहिला. बाहेरून अगदी नैसर्गिक ए-३, पिवळसर, उतारांवर तपकिरी रेघा. तुटलेल्या पृष्ठावर मात्र तीच करडी-जांभळी छटा. कॅप भट्टीतून मळकट निघाली, दादांच्या तयार डोळ्यांना ते दिसलंही, आणि त्यांनी हातातल्या कौशल्याने ते झाकलं. मेटल-सिरॅमिकमध्ये हे योग्यच असतं. सुपारीने चांगली भाजलेली कॅपही तुटू शकते, त्यामुळे ही कॅप केवळ कच्ची राहिल्याने तुटली असं मी म्हणणार नाही. पण ती कच्ची होती.

पाठवलेल्या कॅपचं काय

आता खरा अवघड निर्णय होता. दुरुस्तीनंतर या भट्टीतून लिथियम डायसिलिकेटच्या अकरा कॅप गेल्या होत्या. दोन परत आल्या होत्या, तीन अजून बसवायच्या होत्या, सहा तोंडात बसल्या होत्या.

न बसवलेल्या तीन मागवून नव्याने करायच्या, यात वादच नव्हता. बसलेल्या सहांबद्दल मालकांचं पहिलं म्हणणं असं की तक्रार आली तरच बोलावं, उगाच डॉक्टरांना आणि पेशंटना घाबरवू नये. मॅडमनी याला स्पष्ट विरोध केला: “तोंडात काय बसवलंय हे डॉक्टरला माहीत नसेल तर तो लक्ष कसलं ठेवणार?” मालक त्याच संध्याकाळी सगळ्या डॉक्टरांना स्वतः फोन करायला बसले.

सांगायचं ठरलं तरी सहाही काढायच्या का, हा प्रश्न उरतोच. रेझिन सिमेंटने बाँड केलेली कॅप सहज निघत नाही. ती बरने कापावी लागते आणि त्यात खालच्या दाताला इजा होण्याची भीती असते. दुसरीकडे, बाँडिंगमुळे कॅप आणि दात मिळून भार पेलतात, म्हणून थोडी कमजोर कॅपही बाँड झाल्यावर तग धरू शकते. साध्या सिमेंटने बसवलेल्या कॅपला हा आधार मिळत नाही. दंत-सिरॅमिकसाठीच्या आयएसओ ६८७२ या मानकात बाँडिंगशिवाय एकट्या कॅपसाठी पदार्थाची वाकवण्याची ताकद निदान ३०० मेगापास्कल मागितली आहे. अर्धवट भाजलेल्या कॅपबद्दल ती हमी देता येत नव्हती.

हाच निकष धरून निर्णय झाला. एक कॅप ग्लास आयोनोमर या साध्या सिमेंटने बसवली होती, ती काढून नवीन दिली. दुसऱ्या एका पेशंटला झोपेत दात खाण्याची सवय होती आणि कॅप दाढेवर होती. ती बाँड केलेली असूनही पेशंटशी बोलून बदलली. उरलेल्या चार तशाच ठेवल्या. पेशंटना कारण सांगितलं, चावताना जास्त भार येणारे बिंदू पाण्याखाली बारीक डायमंडने कमी करून पॉलिश केले, आणि दर सहा महिन्यांनी तडे, मार्जिन आणि रंग पाहायचं ठरलं. काढण्याचा धोका ठेवण्याच्या धोक्याहून मोठा होता, आणि मला आजही हाच निर्णय योग्य वाटतो.

निष्पत्ती

शाळेतल्या बाईंची नवी कॅप ए-२ ला नीट जुळली आणि बाँड झाली. भट्टीचा थर्मोकपल कंपनीच्या इंजिनियरने मध्यावर बसवला, तापमान जुळवलं, आणि चांदीची तार आता डिस्प्लेवर ९६० च्या जरा पुढे वितळते. भट्टीला चांगला स्टॅबिलायझर आणि यूपीएस लागला. लिथियम डायसिलिकेटसाठी स्पीड प्रोग्रॅम बंद झाला आणि ट्रे वेगळा झाला. तशाच ठेवलेल्या चार कॅपपैकी एकीबद्दलही आतापर्यंत तक्रार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत बोलका इशारा पोर्सेलिनने दिला होता. दुरुस्तीनंतर ग्लेझला हवी तशी चकाकी येईना, म्हणून दादांनी पोर्सेलिनच्या प्रोग्रॅमचं तापमान वीस अंशांनी वाढवलं होतं. अनुभवी हाताने अचूक अंदाज केला; चांदीनेही पुढे तेवढाच फरक दाखवला. पण ती दुरुस्ती एकाच कामापुरती राहिली. सगळे जुने प्रोग्रॅम एकाच वेळी थंड वाटू लागले तर संशय प्रोग्रॅमवर नाही, भट्टीवर घ्यावा. त्या दिवशी चांदीची तार लावली असती तर भट्टीचा दोष तेव्हाच सापडला असता.

दुसरं, तुटलेल्या कॅपचा तुकडा डॉक्टरांनी नवीन कॅपच्या मागणीसोबतच लॅबला पाठवायला हवा होता आणि लॅबने तो मागायला हवा होता. सुपारीचं कारण इतकं सोयीचं होतं की तुकडा पाहायची गरजच कोणाला वाटली नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर दादांचं आणि माझं अजून एकमत नाही. कच्ची निघालेली कॅप पुन्हा भाजून वापरावी का? ते म्हणतात, तपासलेल्या भट्टीत, पूर्ण प्रोग्रॅमवर भाजली तर हरकत नसावी, ब्लॉक महाग आहे. मी म्हणतो, ग्लेझ न लावलेली असेल, आतून पुट्टीचा पूर्ण आधार असेल आणि कच्ची का राहिली ते नक्की माहीत असेल, तरच. तूर्त लॅबने मधला मार्ग काढला आहे. प्रत्येक ब्लॉकचा मिलिंगनंतर उरलेला बुंधा कॅपच्या शेजारी त्याच ट्रेवर भाजतात, स्टेन न लावता. बुंधा पांढऱ्या कागदावर शेड टॅबशी जुळला तर कॅप पुढे जाते. जांभळट निघाला तर त्या ट्रेवरची एकही कॅप रंगवायला घेत नाहीत, आधी भट्टी तपासतात. बुंधा कॅपच्या जॉबकार्डाला चिकटवून ठेवतात आणि मॅडम दर कॅपसोबत तो मागून घेतात.